एलईडी हेडलाइट लुकलुकते, मंद होते, उडते: नवा बल्ब घ्यायच्या आधी हे तपासा

दिवाळी झाली की आमच्याकडे बाइकच्या हेडलाइटची कामं सुरू होतात. हरभरा-गव्हाचं ओलित चालू असते, थ्री फेज लाइन रात्रीची आली की माणूस रात्री अकराला पांदणीनं वावरात मोटर चालू करायला निघतो, रस्त्यात कुठं रानडुकरांचा कळप, कुठं रोही आडवा, आणि गाडीच्या लाइटमध्ये दहा हातावरचं दिसत नाही. मंग तो बाजारातून नाहीतर ऑनलाइन एलईडी बल्ब आणतो, स्वतःच लावतो, आठ-पंधरा दिवसांत गाडी घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, "भाऊ, बल्ब डुप्लिकेट निघाला, दुसरा चांगला दे."

मी बॅटरी-वायरिंगचं काम करतो आणि हाच एक बिघाड वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, बहुतेक वेळा बल्ब डुप्लिकेट नसतो. गाडी जो करंट देते तो त्या बल्बला चालत नसतो, नाहीतर करंट बल्बपर्यंत धड पोचतच नसतो. अशा गाडीत दुसरा, तिसरा, कितीही महागाचा बल्ब लावा, पुन्हा तेच होणार. शेतकऱ्याचे हजार-दीड हजार रुपये असे बल्बातच जातात आणि मला ते पाहून खरंच वाईट वाटते, काहून की अर्ध्याहून जास्त चेक घरी, अंगणात, फुकटात होतात.

आधी लक्षण ओळखा

गाडी आली की मी आधी विचारतो, नेमकं होते काय आणि केव्हा होते. लक्षणावरून अर्धं काम कळते.

- गाडी उभी आहे, आयडलवर आहे, लाइट थरथरते किंवा लुकलुकते, रेस दिली की स्थिर होते. हा एसी (दिशा सारखी बदलणारा करंट; एकाच दिशेचा तो डीसी) सप्लायचा प्रकार. सगळ्यात जास्त हेच येते.
- निघताना झकास, दहा-पंधरा मिनिटांनी मंद, कधी पूर्ण बंद, थांबून थंड झाली की परत चालू. बल्ब तापतो आहे.
- खड्ड्यात आदळली नाहीतर हँडल वळवलं की जाते-येते. कपलर (बल्बच्या मागचा वायरीचा प्लग) ढिला, अर्थिंग (मायनसची बॉडीला जोडणी) खराब किंवा हँडलजवळ वायर आतून तुटलेली.
- बल्ब महिना-दोन महिन्यांत उडतो आणि सोबत टेल लॅम्प नाहीतर मीटरचा बल्बही घेऊन जातो. व्होल्टेज जास्त येते.
- हॉर्न दाबला, ब्रेक मारला की हेडलाइट दबते, सकाळी सेल्फ ओढत नाही. बॅटरी नाहीतर चार्जिंग.
- उजेड भरपूर, झाडाचा शेंडा दिसतो पण रस्ता दिसत नाही, समोरचा सारखा डिपर मारतो. बल्बचं फिटिंग नाहीतर बल्बच चुकीचा.

दोन-तीन लक्षणं एकदम असली तरी खालच्या क्रमानंच जा. सोपं आणि फुकटाचं आधी, खर्चाचं शेवटी. मधातलं एक सोडून पुढं उडी मारली की आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचे व्होल्ट सांभाळणारा डबा) बदलून झालं तरी लाइट लुकलुकतच आहे असं होते, आणि दोष निघतो कपलरात.

जुना बल्ब परत लावा

सगळ्यात स्वस्त टेस्ट हीच, आणि कोणी करत नाही, काहून की जुना बल्ब एलईडी लावला त्याच दिवशी फेकून दिलेला असतो. फेकू नका भाऊ. फडक्यात गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवा. कंपनीचा हॅलोजन परत लावून एक रात्र गाडी चालवा. हॅलोजनही खड्ड्यात बंद पडत असेल, हॉर्नला दबत असेल, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये आहे, एलईडीला नाव ठेवू नका. हॅलोजन व्यवस्थित चालते आणि एलईडीच लुकलुकते, तर एसी-डीसीचा प्रश्न आहे किंवा बल्ब खराब आहे. एवढ्या एका गोष्टीनं अर्ध्या शक्यता कटतात. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, कागदानं धरा; बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

काच, रिफ्लेक्टर आणि बल्बची बैठक

डोमची (हेडलाइटच्या डब्याची) काच पिवळी पडली असेल, आत धूळ-पाणी गेलं असेल तर कोणताच बल्ब उजेड देणार नाही. बाहेरची प्लास्टिक काच पॉलिशनं बऱ्यापैकी साफ होते. आतल्या रिफ्लेक्टरला मात्र फडकं लावू नका, त्यावरचा चकाकणारा थर लय पातळ असतो, घासला की निघतोच. हवा मारा, बस. वर्षानुवर्षं कोणी ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५) हॅलोजन चालवला असेल आणि रिफ्लेक्टरवर काळा डाग पडला असेल तर डोमच बदला, एलईडीचे पैसे तिथं घाला.

आता बल्बची बैठक. ही गोष्ट नीट समजून घ्या, काहून की समोरच्याचे डोळे दिपतात ते यानंच. दोन फिलामेंटच्या हॅलोजनमध्ये डिपरच्या (खाली पडणाऱ्या उजेडाच्या) फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड भिंतीवर वरून कापल्यासारखा दिसतो. एलईडी बल्बात ती वाटी आणि चिप (उजेड देणारा तुकडा) दोन्ही बरोब्बर त्याच जागी असायला पाहिजेत, आणि बल्ब बसवल्यावर चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून राहायला पाहिजे, वर-खाली नाही. बऱ्याच बल्बांची कॉलर फिरवता येते, बारीक स्क्रू असतो. तो ढिला करून बल्ब फिरवा आणि भिंतीवर पाहा. तीन-चार बाजूंनी चिप लावलेला बल्ब दुकानात लावून दाखवला की लय भारी वाटतो, पण तो गाडीत कधीच फोकस धरत नाही. तो घेऊच नका.

भिंतीवरची टेस्ट अशी करा. सपाट जागा, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर, स्टँडवर नाही, माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मांडा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली पाहिजे. मागं खताचं पोतं किंवा डबल सीट नेहमीचीच असेल तर तेवढं वजन ठेवूनच सेट करा, मागं वजन आलं की पुढचं तोंड वर होते आणि उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यात जातो.

एसी की डीसी

हा या पोस्टचा गाभा आहे, इथं घाई करू नका.

आपल्या गावात ज्या १०० सीसी गाड्या सगळ्यात जास्त आहेत, जुन्या स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, आणि जुन्या स्कूटी-मोपेड, यातल्या बऱ्याच गाड्यांची हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. इंजिनच्या बाजूच्या कव्हरात मॅग्नेट फिरते, त्याच्या आत कॉइल प्लेट असते, त्या कॉइलमधून निघालेला एसी करंट रेग्युलेटरमधून होऊन थेट हेडलाइटला जातो. बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि सेल्फसाठी. हॅलोजनला एसी-डीसीचं काही घेणंदेणं नाही, त्याची तार तापून लाल असते, करंट क्षणभर शून्य झाला तरी तार तेवढ्यात थंड होत नाही. एलईडी मात्र डायोड आहे. करंट एका दिशेनं आला की पेटते, उलट आला की विझते, तीही ताबडतोब. आयडलवर मॅग्नेट हळू फिरते म्हणून हे पेटणं-विझणं डोळ्याला दिसते, रेस दिली की वेग वाढतो आणि डोळा फसतो. लुकलुकण्याचं कारण एवढंच आहे.

ओळखायचं कसं? चावी चालू करा, इंजिन बंद ठेवा. हॉर्न वाजतो पण हेडलाइट लागत नाही, आणि इंजिन चालू केल्यावर आयडलला मंद, रेसला तेज, तर बहुतेक एसी. पण "बहुतेक"च म्हणतो, काहून की १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, लाइटचं बटणच काढलं, आणि अशा काही गाड्यांत सप्लाय डीसी असूनही इंजिन चालू झाल्याशिवाय लाइट लागत नाही. एक साधी खूण अजून आहे: अंधारात, आयडलवर, एलईडीच्या उजेडात पंजा जोरात हलवा. बोटं तुटक तुटक, जागोजागी थांबल्यासारखी दिसली तर लाइट पेटते-विझते आहे.

पक्कं करायचं असेल तर मल्टिमीटर. साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि गाडीसाठी, घरच्या लाइटसाठी दोन्हीकडं कामाचा. मीटर आधी डीसी २० व्होल्टवर ठेवा. बल्बचा कपलर काढून त्यात टोकं लावा, गाडी चालू. बॅटरीवर जेवढे व्होल्ट आहेत जवळपास तेवढेच स्थिर दाखवले तर डीसी. आकडा उड्या मारतो, फारच कमी दिसतो, कधी उणे दाखवतो, तर एसी. एक लक्षात ठेवा, स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर ठेवून डीसी मोजलं तर तो भलताच आकडा दाखवू शकतो, दुप्पटही दाखवतो. म्हणून आधी डीसी रेंजच लावा. आणि कॉइलचा एसी घरच्या लाइटसारखा गोल गुळगुळीत नसतो, त्यामुळं स्वस्त मीटरवरचा एसी व्होल्टेजचा आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

एसी निघालं तर तीन रस्ते आहेत.

पहिला, ज्यावर एसी-डीसी दोन्ही चालते असं लिहिलेलं आहे आणि इनपुट रुंद आहे, म्हणजे ९ पासून ३०, ८० व्होल्टपर्यंत, असा बल्ब घ्या. १३ व्होल्ट एसी म्हटलं तरी त्याचा माथा १८ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून फक्त "१२ व्होल्ट" लिहिलेला स्वस्त बल्ब त्यात मरतो. अशा बल्बात आयडलला थोडी थरथर राहू शकते पण चालताना काही त्रास नाही. माझं मत विचाराल तर शेतकऱ्याच्या गाडीला हाच रस्ता बरा, वायर कापायची गरज नाही आणि कधीही हॅलोजन परत लावता येतो.

दुसरा, ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर. ब्रिज एसीला एका दिशेचा करतो, कपॅसिटर मधले खड्डे भरतो. १० अँपिअरचा ब्रिज, २२०० ते ४७०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि कपॅसिटर ३५ किंवा ५० व्होल्टचाच घ्या. १६ व्होल्टचा लावतात लोक कारण तो दुकानात पटकन मिळतो, तो फुगतो आणि फुटतो, वरचा १८ चा आकडा आठवा. यातली खरी खोच दुसरीच आहे. ब्रिज लावल्यावर बल्बचा मायनस हा गाडीच्या बॉडीचा मायनस राहत नाही. बऱ्याच एलईडी बल्बांचं धातूचं अंग आतून मायनसला जोडलेलं असते, ते डोमच्या पत्र्याला टेकलं की बॉडीशी शॉर्ट, ब्रिज तापून जातो आणि सोबत कॉइलवर लोड येतो. डोम प्लास्टिकचा असेल तर वाचता, धातूचा असेल तर अंग वेगळं ठेवावं लागते. हे ज्याला समजलं त्यानंच करावं, नाहीतर करून घ्यावं.

तिसरा, पूर्ण गाडी डीसी करणं, म्हणजे कॉइल प्लेट उघडून तिचं अर्थिंग सोडवायचं आणि फुल वेव्ह आरआर (एसीच्या दोन्ही दिशांचा करंट वापरणारं) लावायचं. काम झकास होते, पण घरी नाही. त्याचं खाली लिहितो.

हेडलाइटची वायर कॉइलवरून तोडून सरळ बॅटरीवर टाकायची, असा सल्ला हमखास कोणीतरी देते. १०० सीसीची बॅटरी अडीच-तीन-चार अँपिअर अवरची, आणि तिचं चार्जिंगही तेवढंच बारीक, हॉर्न-इंडिकेटर सांभाळण्यापुरतं. ३५ वॅटचा हॅलोजन पावणेतीन-तीन अँपिअर ओढतो. तास-सव्वा तासात बॅटरी बसते आणि असं रोज केलं की कायमची जाते. १५-१८ वॅटच्या एलईडीला सव्वा-दीड अँपिअर लागतात, तेही त्या चार्जिंगला रोज रात्री जड जाते.

कपलर आणि अर्थिंग

वायरिंगचा दोष शंभर वॅटच्या बल्बनंही झाकत नाही. होंडा-हिरोच्या वायरिंगमध्ये निळी वायर अप्पर, पांढरी डिपर, हिरवी अर्थ. बजाजमध्ये अर्थ काळी-पिवळी असते. कपलर काढून आत पाहा: प्लास्टिक तपकिरी झालं, वितळलं, पितळेची पिन काळी-हिरवी पडली, तर कपलर बदला, वीस-तीस रुपयांचं काम. पिन ढिली असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरनं दाबून घट्ट करा.

मंग अर्थ. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला (एसी हेडलाइट असेल तर इंजिनच्या स्वच्छ बोल्टला), दुसरं कपलरच्या अर्थ पिनला टेकवा. लाइट एकदम तेज झाली, लुकलुक थांबली, तर दोष सापडला. मूळ अर्थ कुठं बोल्टला लावला आहे तिथपर्यंत जा, पॉलिश पेपरनं पत्रा आणि रिंग चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

परवाच एक गाडी आली होती, दोन बल्ब बदलून झालेले. टाकी काढली, तर फ्रेमच्या गळ्याजवळ वायरिंगला उंदरानं इतकं कुरतडलं होतं की हिरव्या वायरीच्या फक्त दोन-तीन तारा शिल्लक, त्याही हिरव्यागार गंजलेल्या, आणि भोवती सरकीचा कापूस भरून घरटं केलेलं. गाडी गोठ्यात ढेपीच्या पोत्याजवळ उभी राहायची. हँडल वळवलं की त्या तारा टेकायच्या, सोडलं की सुटायच्या. तुमची गाडी गोठ्यात, कापसाच्या खोलीत राहत असेल तर टाकीखालची आणि डोममधली वायरिंग बघाच. जोड दिला तर मुरगळून नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करा, हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. पांदणीच्या दणक्यात नुसती टेप सुटतेच.

वायर विकत घेताना टोक ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम आहे, परत करा.

काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. टाकीजवळ काम आहे, ठिणगी उडाली तर तिथं पेट्रोल आहे.

बॅटरी आणि चार्जिंगचे व्होल्ट

रात्रभर उभी असलेली गाडी, चावी बंद, मीटर बॅटरीवर: १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ च्या आसपास चालेल, १२ च्या खाली म्हणजे रिकामी नाहीतर संपलेली. आता गाडी चालू करा, चांगली रेस द्या: १३.८ ते १४.५ पाहिजे. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही.

१५ च्या वर गेलं तर थांबा. आरआर युनिट व्होल्टेज रोखत नाही, आणि त्या गाडीत लावलेला प्रत्येक बल्ब उडणारच. महिन्याला बल्ब बदलणाऱ्या गाड्यांमध्ये एक तर हे असते, नाहीतर बॅटरीच मेलेली असते. बॅटरी मेली, किक मारून गाडी चालते म्हणून माणूस सहा-सहा महिने तशीच चालवतो. पण बॅटरी चार्जिंगचे झटके पोटात घेत असते. ती नसली किंवा तिचा टर्मिनल ढिला असला की ते झटके सरळ एलईडीच्या ड्रायव्हरवर (बल्बातल्या सर्किटवर) आणि इंडिकेटरच्या फ्लॅशरवर जातात. आधी टर्मिनल आवळा, मंग बॅटरी, आणि त्यानंतर आरआर.

तापतो आहे का

एलईडी थंड असते हा गैरसमज आहे. समोर उष्णता फेकत नाही एवढंच, मागचं बूड जबर तापते. चिप तापली की बल्बातलं सर्किट स्वतःच करंट कमी करते, म्हणून पंधरा मिनिटांनी मंद. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्रीही हवा गरमच, त्यात डोम बंद आणि मागं रबराचं बूच. पंखावाल्या बल्बात पंख्याला हवा लागते, ते बूच घट्ट चढवून पंखा कोंडला की बल्ब गेला. आणि वेचणीच्या दिवसात कापसाची तूस, पांदणीची बारीक धूळ त्या एवढ्याशा पंख्यात जाऊन बसते, एक दिवस तो फिरायचा थांबतो. बल्ब काढून कानाजवळ धरा, चालू केल्यावर पंखा किरकिरतो किंवा फिरतच नाही तर कळलंच.

म्हणून वावरात जाणाऱ्या गाडीला मी पंख्याचा बल्ब देत नाही. कमी वॅटचा, १५ ते २० चा, बिनपंख्याचा, मागं ॲल्युमिनिअमच्या पात्या असलेला द्या, वर्षानुवर्षं चालतो.

मंग नवा घ्यायचा तर कोणता

वरचं सगळं झालं, गाडी सुधारली, आता घ्या. डब्यावर "२०००० लुमेन" (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलं असेल तर तो डबा परत ठेवा. चांगली पांढरी एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देते, म्हणजे २० वॅटच्या बल्बचे २००० च्या आसपास. ताडून पाहायचं असेल तर कंपनीच्या ३५/३५ च्या एचएस-वन हॅलोजनचे अप्परला ८२५ आणि डिपरला ५२५ लुमेन असतात. म्हणजे प्रामाणिक २० वॅटचा एलईडी, नीट फोकसचा, आपल्या रस्त्याला भरपूर होतो. वॅट खरे का खोटे हे मीटर १० अँपिअरवर लावून कळते: डीसीवर दीड अँपिअर ओढणारा बल्ब २० वॅटचाच आहे, डब्यावर काहीही लिहो.

हॅलोजनच ठेवायचा असेल तर एचएस-वनच्या जागी ६०/५५ चा एच-फोर घुसवू नका. दिसायला सारखे, पण कॉइलला एवढा लोड झेपत नाही, स्विच जळतो, कपलर वितळतो, उजेड उलट कमीच.

रंग ६००० केल्विनच्या वरचा निळसर घेऊ नका. पावसात ओल्या डांबरावर तो उजेड हरवतो, चिखलदऱ्याच्या घाटात धुक्यात नाहीतर पांदणीच्या धुळीत समोर पांढरा पडदा उभा करतो. ४३०० च्या आसपासचा कोमट पांढरा डोळ्याला लय बरा. बाहेर लावायचे फॉग लॅम्प असतील तर आयपी ६७ पाहा, ६ म्हणजे धूळ आत नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. हेडलाइटच्या वायरीतून फॉग लॅम्पला फाटा काढू नका, रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा: ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ लॅम्पला, ८६ स्विचला, ८५ अर्थ. दोन लॅम्प मिळून ४० वॅटचे झाले तर तीन-साडेतीन अँपिअर वाढतात, १०० सीसीच्या चार्जिंगला ते जड आहे, त्या गाडीला फॉग लॅम्प सांगतच नाही मी.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ मांडणीत मनानं बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. समोरच्याला आंधळं करणारी लाइट पोलिसानं धरली तर वाद घालायला जागा नाही.

इथं हात थांबवा, इलेक्ट्रिशियनकडं जा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा टाकू नका, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार तर कधीच नाही, फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि वर टाकी आहे. वायर हाताला गरम लागते, जळका वास येतो, तर बॅटरीचा मायनस काढून गाडी ढकलत न्या. व्होल्टेज १५ च्या वर गेलं, किंवा आरआर बदलूनही चार्जिंग येत नाही, तर कॉइल प्लेट तपासावी लागते. ते कव्हर उघडायला बऱ्याच गाड्यांत इंजिन ऑइल उतरवावं लागते, मॅग्नेट काढायला पुलर लागतो, हातोडीनं ठोकलं तर मॅग्नेट तडकते. पूर्ण डीसी करायचं कामही त्याच कव्हराच्या आतलं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाडीत बहुतेक करून पेट्रोल इंजेक्शन असते, सेन्सर असतात, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असतो, तिच्या वायरिंगला टेस्टिंग बल्ब टोचू नका आणि वायर कापू नका, वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर. वायर न कापता बसणारा बल्ब बदलणं एवढंच तिथं घरी करा.

जाताना एका कागदावर लिहून न्या: बंद गाडीत बॅटरीचे व्होल्ट, रेसवरचे व्होल्ट, एसी की डीसी, जुना हॅलोजन लावल्यावर काय झालं, आणि अर्थची वायर टेकवल्यावर फरक पडला की नाही. जुना बल्ब खिशात असू द्या. एवढं समोर ठेवलं की कोणताही चांगला इलेक्ट्रिशियन तुम्हाला सरळ नवा बल्ब विकणार नाही, आणि एवढं ऐकूनही विकत असेल तर दुसरा गाठा.